टोकाला राजा

रात्री अकरा चाळीसला घरी आलो,
कानात मागाची खडखड अजून चालूच.
जेवण झाकलेलं तसंच ठेवून
लिलावाचे उरलेले एकोणीस सेकंद मोजत बसलो.

फोटोत कागदाची एक पुडी, टोकं उघडी.
एका टोकाला राजाची अधेली,
दुसऱ्या टोकालाही राजाच.
खाली लिहिलेलं :
आजोबांच्या पेटीतला रोल, पन्नास नाणी,
न उघडलेला, न चाळलेला.
मध्ये काय आहे ते आम्हालाही माहीत नाही.
परत घेतला जाणार नाही.

आम्हालाही माहीत नाही,
या एका वाक्यावर मी पैसे लावले.
नाण्यांवर नाही, खरं सांगतो,
मधल्या अंधारावर.
कुणी के. के. एकाहत्तर नावाचा
माझ्यावर पन्नास-पन्नासने चढत राहिला
आणि मी अठ्ठावीसशे पन्नास म्हटल्यावर गप्प झाला.
इतका वेळेवर कसा गप्प झाला,
हे तेव्हा सुचलं नाही.

मंगळवार बाजारातला कासिमभाई तरी
नाणं फरशीवर आपटून दाखवायचा.
खण्ण.
मग म्हणायचा, घ्यायचं तर घे, नाहीतर चहा पी.

पार्सल भद्रावती पेठेत आलं तेव्हा
लच्चम्मा मांडीवर सूप घेऊन पानं कातरत होती.
तीस वर्षं पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे बांधलेत तिनं.
पुडी हातात घेऊन तिनं ती
अंगठ्यानं पाहिली.
कागदाला दोन घड्या आहेत, म्हणाली.
एक पहिली, एक नंतरची.
हा कट्टा सोडून परत बांधलाय.
मी म्हटलं, जुना कागद, पडतात घड्या.
होय की, म्हणाली,
आणि कात्री परत चालू झाली.

मी हात धुतले. वर्तमानपत्र अंथरलं.

राजा.
मग रुपया. कणसाचा.
मग रुपया. मग रुपया.
मग दोन हजार नऊ सालचा, वर केलेल्या अंगठ्याचा.
आजोबांच्या पेटीतून थेट
मला अंगठा दाखवत बाहेर आला.
त्याच्यामागे तसेच अकरा.
शेवटी दुसरा राजा.
चांदीचा म्हणे.
मुलाच्या खेळण्यातलं चुंबक जवळ नेलं
तर उडी मारून चिकटला.

अठ्ठेचाळीस रुपये आणि दोन राजे.
मला हसू आलं, चांगलंच मोठ्यानं.
मग अर्ध्यात अडकलं.

कारण हा कट्टा मी ओळखत होतो.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात सोळा वर्षं
टॉवेलचं डझन मीच बांधतो.
वरचा एक नंबर, खालचा एक नंबर,
मध्ये धागा तुटलेले, तेल पडलेले चार.
शेठ म्हणतात, मधलं कोण बघतंय.
सुतळी ओढून गाठ मी मारतो,
आणि माझी गाठ सुटत नाही, असं नाव आहे माझं.
कुठल्या तरी गावात कुणी तरी
अंघोळ करून ताज्या तोंडाला
माझा तेलाचा डाग पुसला असेल.
त्याला परत पाठवायला पत्ता कुठला.

हे सगळं डोक्यात चालू असताना
हातांनी आपलं काम सुरू केलं होतं.
कागद सरळ केला, रुपये रचले,
एका टोकाला राजा, दुसऱ्या टोकाला राजा.
घडी अशी घातली की एकच दिसावी.
मोबाइल शेजारीच होता. उजेडही बरा होता.

लच्चम्मानं वर न बघता हात लांब केला,
पुडीतून दोन रुपये काढले,
शेजारच्या पोराला हाक मारली,
जा रे, काडीपेटी घेऊन ये.

पोरगं पळालं.
कागद हातात आहे,
पन्नास आता भरत नाहीत.